केर काढ, पोचला त्यो

आमच्या घरात भुताला बंदी होती. देवालाही होती, त्यामुळे भुतावर वेगळा अन्याय झाला असं काही म्हणता येणार नाही. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होते, दर रविवारी न चुकता विहारात जाणारे. घरात कुणी ‘नजर लागली’ एवढं नुसतं म्हटलं तरी ते ताटावरून उठायचे. मला ताप आला की शेजारच्या काकू मीठ-मोहऱ्या ओवाळायला यायच्या, तर बाबा त्यांना दारातच चहा पाजून परत पाठवायचे. तेव्हा मी आज इथे हे लिहिते आहे ते बाबांनी वाचलं असतं तर काय म्हणाले असते, हे मला चांगलं ठाऊक आहे. खाली ‘मनाचे खेळ’ अशी कमेंट टाकायला ज्यांचे हात शिवशिवत असतील, त्यांच्याच बाजूची मी आहे... म्हणजे होते. या ग्रुपवरचे कित्येक अनुभव वाचून मी हसलेली आहे, तेही स्पष्टच सांगते.

मी सुजाता. वय सत्तेचाळीस. आनंदनगर एमआयडीसीत एका औषध कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे. घर अंबरनाथ पश्चिमेला, जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचके. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्याविषयी इथे काही सांगायचं नाही. बाबा गेल्यावर घरात आई आणि मी, दोघीच.

आणि न्यू जर्सीला माझा धाकटा भाऊ मिलिंद. घरात त्याला बाळ म्हणतात. चाळिशी ओलांडली तरी बाळच.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बाबांनी घरातून सगळं हद्दपार केलं, पण आईची एक सवय त्यांना शेवटपर्यंत काढता आली नाही. घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत घरात झाडू लावायचा नाही. तिच्या आईने, म्हणजे आमच्या साताऱ्याच्या आजीने, तिला शिकवलेलं. मागे केर काढला तर गेलेल्या माणसाची वाट पुसली जाते म्हणे. बाबा चिडून म्हणायचे, “अगं, एसटीला तुझ्या झाडूचं काय?” आई झाडू उचलून पलंगाखाली सरकवून ठेवायची.

मिलिंद पुण्याला शिकायला होता तेव्हा हे चार तासांचं काम होतं. तो पोचला की खालच्या दुकानात फोन करायचा, आई लगेच पदर खोचायची. मग तो अमेरिकेला गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा आईने त्याला दारातच विचारलं, “इमानाला किती तास लागत्यात?” तो म्हणाला, “पंधरा तास, आई. साडेबारा हजार किलोमीटर आहे.” हे दोन आकडे तिने असे धरून ठेवले की बस. अंगठेबहाद्दर बाई, विमान फक्त आकाशात पाहिलेली... पण भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगायची, माझा बाळ साडेबारा हजार किलोमीटरवर असतो, मधे कुठं थांबत न्हाई, पंधरा तास. दुसऱ्या बायका मुलाचा पगार सांगायच्या, आई अंतर सांगायची.

तो यायचा-जायचा तेव्हा आमच्या घरात दीड-दीड दिवस केर पडून असायचा. आम्ही कांद्याच्या सालींवरून उड्या मारत चालायचो.

आणि मी? मी रोज सकाळी डबा घेऊन आनंदनगरला निघायचे. जिना उतरून खाली पोचायच्या आत वरून झाडूचा आवाज यायचा. एकदा मी तिला विचारलंही. तर म्हणाली, “तू काय लांब जातीस व्हय?” खरंच होतं. शेअर रिक्षाने वीस मिनिटं.

आईला चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण गिळायचं अवघड झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पातळ काही एकदम द्यायचं नाही, पाणीसुद्धा चमच्या-चमच्याने, टेकून बसवून... नाहीतर ठसका लागेल आणि पाणी फुप्फुसात जाईल. चार वर्षं मी चमच्याने पाणी दिलं. सकाळी शिफ्टला जायच्या आधी, आल्यावर, झोपायच्या आधी. दिवसा एक बाई ठेवली होती, पण ती चमचा भराभर मारते म्हणून आई तोंड मिटायची, मग मी आले की सगळी तहान माझ्यावर. तोंड वाकडं करून घ्यायची, पण घ्यायची.

या चार वर्षांत मिलिंद एकदाही आला नाही. आधी कोविडनंतरचे काही नियम, मग व्हिसाचं काहीतरी, मग मुलीची शाळा. दर रविवारी फोन मात्र करायचा. नुसता फोन, व्हिडिओ नाही, कारण आईला स्क्रीनवर काही दिसायचं नाही. मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला डॉक्टर तयार नव्हते. दहा मिनिटं बोलायचा. त्या दहा मिनिटांवर ती आठवडाभर जगायची, आणि मी त्या आठवडाभर चमचा धरायचे. मी चिडून कधी बोललेच तर म्हणायची, “त्याला लांबनं यावं लागतंय. तुला कुटं यायचंय?”

मागच्या हिवाळ्यात तिने पाणी घ्यायचं बंद केलं.

भांडून नाही. शांतपणे. मी चमचा ओठांना लावला की मान फिरवायची. “बाळ आल्यावर घीन,” एवढंच. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. हॉस्पिटलमध्ये नेऊन नळी घातली तर ती तिने डाव्या हाताने उपटून टाकली. डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्या, आता त्यांच्या मनासारखं करा. मी घरी आणलं. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. मी ओला कापूस फिरवायला गेले, तर तोही तिने दातांत धरून बाहेर टाकला.

मी मिलिंदला फोन केला. म्हटलं, “निघ आत्ताच्या आत्ता. ती तुझ्यासाठी अडून बसलीय, पाणी घेत नाहीये. आजची रात्र काढेल की नाही सांगता येत नाही.” तो रडला. म्हणाला, निघतो. त्याने तिकीट काढलं, मला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्याकडे सात वाजत होते, तिकडे आदल्या दिवशीची रात्र... त्याने एअरपोर्टच्या गेटवरून फोटो पाठवला. काचेपलीकडे विमान उभं. खाली लिहिलेलं – ‘बोर्डिंग सुरू झालं, ताई. येतोय.’

मी आईच्या कानाशी जाऊन सांगितलं, “बसला बाळ विमानात.”

तिने डोळे उघडले. म्हणाली, “केर काढू नगंस.”

मला हसूही आलं आणि रडूही. घरात औषधांची पाकिटं, कापसाचे बोळे, तीन दिवसांची धूळ. नातेवाईक कधीही येतील. पण नाही काढला. झाडू उचलून पलंगाखाली सरकवला, तिच्यासारखाच. मग चमचा घेऊन बसले. म्हटलं, “रात्री येईल तो, तोपर्यंत दोन घोट घे. त्याच्याशी बोलायला जीव नको का?” मान फिरवली. मी अक्षरशः हात जोडले. आयुष्यात मी कुणासमोर हात जोडून काही मागितलं नव्हतं, आमच्या घरातली ती रीतच नव्हती. आईकडे मागितलं, एक चमचा पाणी पी म्हणून. नाही प्यायली.

माझ्या फोनमध्ये ते विमानं दाखवणारं अ‍ॅप टाकलं होतं. नकाशावर छोटंसं पिवळं विमान. अर्ध्या-अर्ध्या तासाने मी बघत होते. समुद्र संपला, युरोप सुरू झाला. मी मनात विमानाला हाकत होते, चल, चल म्हणून.

दुपारी दीडच्या सुमाराला आई एकदम स्पष्ट आवाजात म्हणाली,

“सुजे, केर काढ. पोचला त्यो.”

मला वाटलं भ्रम झाला. मी फोन तिच्यासमोर धरला, तिला दिसणार नाही हे माहीत असूनही. “आई, अजून नऊ तास आहेत. इंग्लंडवर कुठेतरी आहे तो. मग मुंबई, मग तिथून गाडीने इथे.”

“काढ म्हंते ना.”

लहानपणी जो आवाज ऐकून मी लगेच उठायचे, तसाच आवाज होता. मी झाडू ओढला आणि काढायला लागले. रागातच. आतल्या खोलीतून सुरुवात केली, हॉलमध्ये तिच्या पलंगाखालून काढलं, सगळा केर दरवाजाशी आणला. दरवाजा उघडला, उंबऱ्याच्या अगदी आत ढीग केला. चांगला ओंजळभर केर होता. सुपली किचनच्या दाराआड होती, ती आणायला आत गेले. सुपली उचलायला लागतो तेवढाच वेळ.

बाहेर आले तर मिलिंद आईजवळ उभा.

पाठमोरा. निळं जाड जाकीट. मला भीतीबिती काही वाटली नाही, हे इथल्या लोकांना पटणार नाही. अंगावर काटा नाही, थंड वारं नाही, कुत्रं रडलं नाही. दुपारचं लख्ख ऊन खिडकीतून आत आलेलं. मला फक्त प्रचंड संताप आला. म्हटलं, “अरे, फोन तरी करायचास!” आणि लगेच नजर पायांकडे गेली. बूट. आत्ता केर काढलेल्या फरशीवर हा बूट घालून उभा! मी म्हटलं, “बूट काढ आधी.”

त्याने वळून पाहिलंच नाही. पण मला त्याचा चेहरा बाजूने दिसत होता. दाढी वाढवलेली, हनुवटीवर पांढरी. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो गुळगुळीत दाढी करायचा. मनात आलं, म्हातारा झाला की हा.

आईच्या उशाशी स्टुलावर पाण्याचा तांब्या असायचा, त्यातून मी वाटीत पाणी काढून चमच्याने द्यायचे. त्याने तांब्या उचलला. एक हात तिच्या मानेखाली घातला आणि वरून धार धरली. मी ओरडणार होते – ठसका लागेल, मरेल ती! पण आई प्यायला लागली. घट घट आवाज येत होता. चार वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. ठसका नाही, एक थेंब उशीवर सांडला नाही. आणि पिता पिता ती हसत होती.

मग मी काय केलं? चहा टाकायला आत गेले. हसा खुशाल. आलेल्या माणसाला आधी चहा, हातच तसे वळतात. पाणी ठेवलं, आलं ठेचलं, आणि साखर अजून घेतो की सोडली हे विचारायला बाहेर आले. तर तो नाही.

“कुठे गेला?”

“गेला,” आई म्हणाली. “लांब जायाचंय त्याला.”

मी दाराकडे धावले. दार उघडंच. उंबऱ्याच्या आत माझा केराचा ढीग जसाच्या तसा. त्या दारातून आत यायचं तर त्या ढिगातूनच पाय टाकावा लागतो, आमचा पॅसेज केवढासा आहे. बाहेर समोरच्या लाजवंती आंटी त्यांच्या कुलपाशी झटापट करत होत्या. मूळच्या उल्हासनगरच्या, वीस वर्षं शेजारी आहेत. मला बघून म्हणाल्या, “अरी सुजाता, तेरा भाई आया ना! मैं बोली, बेटा कैसा है, तर नुसती मान हलवली और नीचे उतर गया. कितना दुबला हो गया है री. और वो दाढ़ी? पूरी सफेद.”

मी बधिर होऊन म्हटलं, “हो. आईला पाणी पाजलं त्याने.”

“देख,” त्या म्हणाल्या, “आखिर बेटा है.”

मी जिन्यातून खाली बघितलं. गेटवर कुणी नव्हतं. त्याला फोन लावला, बंद. अ‍ॅप उघडलं, विमान थोडंसं पुढे सरकलेलं. मी स्वतःला समजावलं. आधीच्या फ्लाइटने आला असेल, सरप्राइज द्यायला फोटो जुना पाठवला असेल, टॅक्सी खाली थांबवली असेल. माणूस काहीही समजावतो स्वतःला. आत आले तेव्हा चहा उतू गेला होता.

आईने मला जवळ बोलावलं. मी बसले. वाटलं, आता तरी दोन शब्द माझ्यासाठी असतील. ती म्हणाली, “बघ. आला का न्हाई? तू उगाच त्याला बोलत हुतीस.”

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मग झोप लागली, आणि चार वाजायच्या आधीच झोपेत गेली. समाधानाने गेली असं सगळे म्हणतात.

बदलापूरहून, सोनिवलीवरून आमचा चुलतभाऊ राजू लगेच आला. बाकीचेही जमले. राजूने विचारलं, मिलिंद कुठाय? लाजवंती आंटींनी सांगितलं, आया था, मिल के गया. मी म्हटलं, आला होता पण तो विमानात आहे. सगळ्यांनी माझ्याकडे जसं बघितलं ते सांगत नाही. शेवटी राजू स्वतःची गाडी घेऊन एअरपोर्टला गेला. आम्ही आईला बर्फावर ठेवून बसलो. राजू पहाटे एकटाच परत आला. विमान वेळेवर उतरलं होतं. शेवटची एअर होस्टेस बाहेर येईपर्यंत तो उभा होता म्हणे.

सकाळी मिलिंदचा फोन आला.

“ताई, मी बसलोच नाही.”

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले.

“गेटवर उभा होतो. रांगेत होतो मी. मग हिशोब केला... पंधरा तास उडायचे, पुढे घरी यायला दोन. तू म्हणालीस रात्र काढेल की नाही माहीत नाही. म्हटलं, मी पोचेपर्यंत तर ती... मग मी येऊन कुणाला भेटणार होतो? रांगेतून बाजूला झालो. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो, फोन बंद करून. कशी आहे ती?”

“गेली,” मी म्हटलं.

तो खूप रडला. मी ऐकत राहिले. दुपारच्या गोष्टीबद्दल मी त्याला अवाक्षर सांगितलं नाही. काय सांगणार होते? तू नाही आलास, पण तू आलास?

अंत्यविधी झाला. माणसाला माणूस म्हणून निरोप दिला, बाबांना आवडला असता तसा. पण नातेवाइकांत वेगळंच सुरू झालं होतं. मिलिंद आला, आईला पाणी पाजलं, नोकरीपायी लगेच परत जावं लागलं, अमेरिकेतल्या नोकऱ्या तशाच असतात. मी सांगून पाहिलं की तो बसलाच नव्हता. लाजवंती आंटी म्हणाल्या, मेरी आँखें क्या झूठ बोलेंगी? राजू मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, चार वर्षं तू केलंस, कुणी नाही म्हणत नाही. पण त्याने शेवटच्या क्षणी येऊन दाखवलं. आता तरी मनातून काढ.” त्याने विमानतळावर रात्रभर कुणाची वाट पाहिली, हे तो स्वतःच विसरला होता.

पुढच्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदन होतं. आईचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. त्रिशरण, पंचशील झालं. राजूने मोबाइल फोटोशेजारी टेकवून मिलिंदला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. मी पहिल्या रांगेत होते. स्क्रीन उजळली आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, खरी भीती. दाढी. हनुवटीवर पांढरी. तोच चेहरा, जो मी आईच्या पलंगाजवळ बाजूने पाहिला होता, जो मी त्याआधी कधीच पाहिलेला नव्हता.

आदरांजलीची भाषणं सुरू झाली. महिला मंडळाच्या बाया बोलल्या. मग राजूने लाजवंती आंटींना उठवलं. त्या म्हणाल्या, “मेरे को मराठी नीट येत नाही, पण एक बात बोलती हूँ. इतके दूर से, सात समंदर पार से बेटा आया. माँ को अपने हाथ से पानी पिलाया. तब जाके उसकी जान गई. बेटा हो तो ऐसा.” आणि डोळे पुसत बसल्या.

सगळा हॉल मोबाइलकडे बघायला लागला. मीही बघत होते. म्हटलं, आता बोलेल. आता म्हणेल, आंटी, तुमची काहीतरी चूक होतेय, मी आलो नव्हतो. माझ्या बहिणीने केलं सगळं. एवढं एक वाक्य. पंधरा तास लागत नाहीत त्याला.

मिलिंदने खाली बघितलं. मग हात जोडले.

“आईने माझ्या हातून पाणी घेतलं,” तो म्हणाला, “मला आणखी काय पाहिजे?”

हॉल एका सुरात म्हणाला, “साधू, साधू, साधू.”

मीही म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला आणि जे तोंडात आलं ते बोलले. चार वर्षांचं सगळं. म्हटलं, यायची वेळ आली तेव्हा तुला तिकीट फाडता आलं, हे फुकटचं पुण्य मात्र नाही सोडवलं. इतक्या लोकांसमोर खोटं बोललास. तो अगदी हळू म्हणाला,

“ताई, तू तिला चमच्याने देत होतीस. तिला तांब्याने वरून पाहिजे होतं.”

तांब्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. राजूला नाही, आंटींना नाही. आंटींनी फक्त त्याला जिन्यात पाहिलं होतं.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मला गाडीत झोप लागली होती... मला नीट नाही सांगता येत. जाऊ दे.” आणि त्याने विषय बदलला. त्यानंतर मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाला, जाऊ दे ना ताई.

आता तुम्ही म्हणाल, आई आयुष्यभर तांब्यानेच प्यायची, त्याला माहीत असणारच, अंदाजाने बोलला असेल. मीही तेच म्हणते. पण मग ती दाढी? आंटींनी पाहिलेला माणूस? ज्या बाईला चमचाभर पाणी गिळता येत नव्हतं ती अख्खा तांब्या रिकामा करते, ते कसं? तो रिकामा तांब्या मी माझ्या हाताने विसळला आहे. मी एका डॉक्टरला विचारलं, आमच्या कंपनीच्या केमिस्टला विचारलं, बौद्धाचार्यांनाही विचारलं. प्रत्येकाने एकेक भाग सोडवला आणि बाकीचा माझ्यावर ढकलला. बाबा असते तर म्हणाले असते, थकलेल्या बाईला भास झाला. मग बाबा, शेजारणीलाही तोच भास, त्याच दाढीसकट?

तो खोटं बोलला असेल, तर माझ्या डोळ्यांदेखत त्याने माझं केलेलं सगळं उचलून नेलं. आणि खोटं बोलला नसेल, तर तो खरंच आला होता, मग मी भांडू कुणाशी? यातलं काय खरं निघालं तर मला बरं वाटेल, तेही मला कळत नाही. साडेबारा हजार किलोमीटर कसे कापले, कुणी कापले, ते ज्याला शोधायचं त्याने शोधावं. माझा प्रश्न तो नाही. मी दोन फुटांवर होते, हातात भरलेला चमचा होता, आणि ते दोन फूट मला चार वर्षांत कापता आले नाहीत.

आईला शेवटची आंघोळ घालायच्या वेळी सगळ्या बायका म्हणत होत्या, चेहरा बघा, किती शांत. शांत होता, मीच तर पुसत होते. माझ्याकडे बघताना तो तसा एकदाही झाला नव्हता.